सोलरपंक म्हणजे नुसतं हिरवं स्वप्न आहे का? गच्चीवर काम करणाऱ्याचं उत्तर

प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो, तू आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहेस, कोथरूडच्या एका जुन्या चार मजली सोसायटीत राहतेस, गेली दोन वर्षं सोलरपंकने, म्हणजे उन्हावर चालणाऱ्या हिरव्या भविष्याच्या कल्पनेने, तुला वेड लावलंय आणि तुझा मित्र म्हणतो की हे सगळं खात्यापित्या घरच्या मुलांचं वॉलपेपर आहे, झाडं लटकवलेल्या इमारती बघायच्या आणि जग सुधारतंय असं समजायचं, प्रत्यक्षात पॅनल येतात चीनमधून आणि शेवटी उरतं भंगार. शेवटी विचारलंयस, "यात खरंच काही दम आहे का की मी स्वतःला फसवतेय, आणि दम असेल तर आमच्या सोसायटीत सुरुवात कुठून करू?" माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

मी २००६ पासून पुण्यातल्या गच्च्यांवर काम करतोय, आधी पाणी तापवायचे सोलर बसवायचो आणि मग २०१४-१५ पासून वीज बनवणारी पॅनल. सोलरपंक हा शब्द मला मुलीकडून कळला, पण त्यातली चित्रं बघितली तेव्हा पोटात काहीतरी हललं हे खरं, कारण माझ्या कामाकडे कोणी इतक्या प्रेमाने बघितलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाहीये. माझ्या मते यात दम आहे, आणि तुझा मित्र सुद्धा बऱ्याच अंशी बरोबर आहे. तुझा खरा प्रश्न मला असा वाटतो की आशा ठेवायची तर कशाच्या जोरावर ठेवायची, कोणी हसलं तर दाखवायला हातात काय आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी चार ओळी. ऐंशीच्या दशकात सायबरपंक आलं, म्हणजे पाऊस, निऑन, मोठ्या कंपन्यांचं राज्य आणि माणूस चिरडलेला. त्याच्या उलट टोकाचा सोलरपंक हा शब्द २००८ साली एका ब्लॉगवर आला, निमित्त होतं एका मालवाहू जहाजाचं, त्या जहाजाला पुढे भलामोठा पतंग बांधून वाऱ्याने ओढायची व्यवस्था केली होती. म्हणजे इंजिन होतंच, पण जोडीला शिडाची जुनी अक्कल नव्या कपड्यात. मग २०१२ मध्ये ब्राझीलमध्ये या नावाचा कथासंग्रह पोर्तुगीजमध्ये निघाला आणि २०१४ च्या सुमारास इंटरनेटवर तरुण मुलामुलींनी चित्रं, जाहीरनामे, कपडे, घरं असं सगळं त्यात ओतलं. रंगीत काचेची पॅनल, वेलींनी झाकलेल्या भिंती, दुरुस्तीची दुकानं, सगळ्यांच्या मालकीची शेतं. मुख्य मुद्दा असा की जग बुडणार हे तर सगळेच सांगतायत, पण बुडालं नाही तर कसं दिसेल हे कोणीतरी काढून दाखवायला नको का. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घर बांधायचं तर आधी प्लॅन काढावा लागतो, हे तुला मी काय सांगणार.

आता संशय घेणाऱ्यांचं. त्यांचा पहिला आरोप की हे नुसतं दिसणं आहे, आणि दिसणं कोणीही उचलून नेतो. हे खरंच झालंय. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका दही विकणाऱ्या कंपनीने याच शैलीत सुंदर ॲनिमेशन जाहिरात केली, इतकी सुंदर की लोकांनी त्यातली कंपनीची नावं पुसून स्वतःची आवृत्ती फिरवली. मिलानमध्ये २०१४ ला झाडांचे दोन टॉवर उभे राहिले, त्यांच्या बाल्कन्यांत मिळून सुमारे ८०० झाडं आहेत आणि छाटणीला माळी वरून दोराने लटकत उतरतात. इमारत मी वाईट म्हणत नाही, पण तिथे राहतं कोण आणि त्या माळ्यांचा पगार कुठून येतो, हे विचारल्यावर चित्र बदलतं. आपल्याकडे बाणेर-बालेवाडीच्या ब्रोशरमध्ये अशीच झाडं असतात आणि एप्रिल आला की त्याच गेटवर टँकरची रांग. चौदाव्या मजल्यावरच्या झाडाला पाणी कुठलं, हा प्रश्न विचारणारा माणूस मला शत्रू वाटत नाही.

दुसरा आरोप पॅनलचा. चीनचं म्हणशील तर खरं आहे, पॅनल बनवायच्या प्रत्येक टप्प्यात जगातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तिथला आहे. पण "पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते कधी देतच नाही" हे जे व्हॉट्सअपवर फिरतं ते साफ चुकीचं. आपल्यासारख्या उन्हाच्या देशात साधारण एक-दोन वर्षांत ती वीज फिटते आणि पॅनल पंचवीस वर्षं चालतं. तुझ्या मित्राला हे सांग, पण जिंकल्यासारखं सांगू नकोस, कारण पुढचा आरोप जास्त खरा आहे, तो म्हणजे फायदा कोणाला. त्याच्याकडे येतो, आधी एक गच्ची दाखवतो.

सिंहगड रोडला एक सोसायटी आहे, ४० फ्लॅट. २०१७ ला आम्ही तिथे २० किलोवॅटची सिस्टिम बसवली, कॉमन मीटरवर, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, पार्किंगचे दिवे. पहिलं वर्ष मस्त गेलं, उन्हाळ्यात दिवसाला ८०-८५ युनिट, चेअरमननी पेढे वाटले. पुढच्या फेब्रुवारीत फोन आला की बिल परत वाढायला लागलंय, तुमची पॅनल खराब निघाली. मी वर गेलो तर पॅनलवर एवढी धूळ की बोटाने नाव लिहावं, आणि टाकीच्या बाजूच्या ओळीवर कबुतरांची घाण सिमेंटसारखी वाळून बसलेली. पॅनल एकामागे एक ओळीत जोडलेली असतात, आम्ही त्याला स्ट्रिंग म्हणतो, त्यातल्या एक-दोन पॅनलवर घाण किंवा सावली आली की सगळ्या ओळीला त्याचा फटका बसतो, शिवाय घाणीखालचा सेल, म्हणजे पॅनलमधला वीज बनवणारा चौकोन, तापत राहतो आणि काही वर्षांत तिथे तपकिरी डाग पडतो तो कायमचा. वॉचमनला विचारलं पुसत का नाही, तर म्हणाला, "साहेब, वर नळ कुठाय? बादल्या घेऊन शेवटचा जिना कोण चढणार?" दहा हजार लिटरची टाकी शेजारी उभी, आणि गच्चीवर नळ नाही. ती चूक माझी होती. ड्रॉइंगमध्ये केबलचा मीटर न मीटर दाखवला होता, नळ दाखवला नव्हता. प्लंबर बोलावला, वीस-बावीस फूट पाइप, एक नळ, लांब दांड्याचा वायपर, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव की दर पंधरा दिवसांनी सकाळी उन्हं तापायच्या आत वॉचमनदादा पॅनल धुणार आणि त्याचे महिन्याला वेगळे ५०० रुपये मिळणार. आठवड्यात युनिट परत वर आले.

तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये नळ असतो आणि पुसणाऱ्याचे पैसे असतात. सोलरपंकची चित्रं बघताना माझा डोळा आपोआप तिकडे जातो, या काचा पुसतं कोण, या वेली कोण छाटतं, त्याला त्याचे पैसे मिळतात का. काही चित्रांत ते दिसतं, माणसं शिडीवर उभी राहून दुरुस्ती करताना दाखवलेली असतात, ती चित्रं मला मनापासून आवडतात. बाकीची हवेतले इमले आहेत.

अजून एक गोष्ट, तुझ्या मित्रासाठी. लोक आम्हाला पाहणीला उन्हाळ्यात बोलावतात कारण तेव्हा बिलाने घाम फुटलेला असतो. पुण्यात १३ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, गच्चीवर कुठेच सावली नाही आणि अख्खी गच्ची पॅनलने भरून टाकावीशी वाटते. तीच गच्ची २२ डिसेंबरला बघ. सूर्य दक्षिणेला कललेला, दुपारी साडेबाराला सुद्धा तीन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे पावणेतीन मीटर पडते, आणि सकाळ-संध्याकाळ तर कितीतरी लांब. मेमध्ये भरलेली गच्ची डिसेंबरमध्ये निम्मी अंधारात. माझ्या लेखी तुझा मित्र म्हणजे ही डिसेंबरची सावली आहे, ती मोजून मगच स्ट्रक्चर ठोकायचं. पण सावली पडते म्हणून गच्चीच सोडून द्यायची, असं माझ्या धंद्यात कोणी करत नाही, पॅनल चार फूट सरकवतात.

आणि "आपली वीज, कोणाचं देणं नाही" हे जे स्वातंत्र्याचं स्वप्न त्यात असतं त्याबद्दल. शहरातली नव्वद टक्के कामं आम्ही करतो ती महावितरणच्या ग्रिडला, म्हणजे तारांच्या जाळ्याला, जोडलेली. लाइट गेली की ती सिस्टिम सुद्धा बंद पडते, भर उन्हात. लोक चिडतात, सोलर आहे मग लिफ्ट का थांबली? कारण बाहेर खांबावर लाइनमन दुरुस्ती करत असेल आणि तुझ्या गच्चीवरून तारेत करंट गेला तर तो मरेल, म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र, स्वतःहून हात काढून घेतो. बॅटरी लावता येते, पण खर्च वाढतो आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. दुपारी आपण जास्तीची वीज ग्रिडला देतो, रात्री परत घेतो, नेट मीटर हिशोब ठेवतो. मला हे स्वप्नाच्या विरुद्ध वाटत नाही, उलट एकमेकांशी जोडलेलं असणं हेच तर त्यात सांगितलंय ना, पण एकट्या घराचा किल्ला ज्यांना हवाय त्यांची निराशा होते हे आधीच सांगितलेलं बरं.

आता फायदा कोणाला. दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीत वादळात पत्रा उडून एक पॅनल तडकलं, ते काढून पार्किंगमध्ये ठेवलं होतं. तिथे ओल्या कचऱ्याचं खत करायला एक मावशी येतात, आधी कचरा वेचायच्या. त्यांनी पॅनलभोवती एक चक्कर मारली, फ्रेमवर नखाने टकटक केलं आणि विचारलं, "दादा, ह्याला भंगारात काय भाव?" मी म्हटलं ॲल्युमिनियमची फ्रेम जाईल, केबलचं तांबं जाईल. "आणि काच?" काच कोणी घेत नाही, कारण काच, सेल आणि प्लॅस्टिकचे थर गरम करून एकत्र चिकटवलेले असतात, ते सुटे करणं महाग पडतं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे हे शेवटी आमच्याच टोपलीत येणार." माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल आली आहेत, परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे, हे मला माहीत होतं, पण त्या पार्किंगमध्ये ते पॅनल न्यायला कोण येणार हे मला सांगता आलं नाही.

पुण्याने या बाबतीत खरं तर रस्ता दाखवलाय. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांची स्वतःची संघटना, त्यातून पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन याच बायका हक्काने, ओळखपत्र घेऊन घरोघरी कचरा उचलायला लागल्या. सुका माल विकायचा हक्क त्यांचाच राहिला. मी सोलरपंकची शेकडो चित्रं बघितली असतील, त्यात कचरा वेगळा करणारी बाई एकदाही दिसली नाही. तू आर्किटेक्ट होणारेस, तुझ्या चित्रात तिच्यासाठी शेड काढ, पाण्याचा नळ काढ, बसायला कट्टा काढ.

पंक म्हणजे बंडखोर, त्या शब्दाचा अर्थ मला इथे लागतो. आपल्या गावाचंच घे. पेशवाईत कात्रजच्या तलावातून उताराने पाणी पेठांत आणलं, मोटर नाही, कोळसा नाही, जमिनीखालून दगडी नळ आणि मध्येमध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला ठेवलेली तोंडं, ते पाणी शहरातल्या हौदांत पडायचं. तंत्र म्हणून आजही मान तुकवावी असं. पण त्या पुण्यात पाण्यावर शिवाशिव होती, ज्यांना अस्पृश्य ठरवलं त्यांना हौदावर जाता यायचं नाही. १८६८ साली जोतिराव फुल्यांनी आपल्या घरातला हौद त्यांच्यासाठी खुला केला. त्यात नवीन तंत्र काहीच नव्हतं, तेच पाणी, तोच दगड. तुझी ती चळवळ स्वतःला बंडखोर म्हणवते तर तिचं बंड कुठे आहे हे शोधायला मी गंज पेठेत, फुल्यांच्या वाड्यावर जाईन.

तसंच दुसरं, सासवडच्या पुढे नायगावचं. १९७२ चा दुष्काळ बघून पुण्यातले इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे तिकडे गेले, देवस्थानाची ४० एकर उजाड जमीन कराराने घेतली, बांध घातले, पाणी अडवलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. बांध तर बऱ्याच जणांनी घातले. पण यांचे नियम बघ, पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळणार, माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. आता याच्या शेजारी कर्नाटकातलं पावगडचं सोलर पार्क ठेव, २,०५० मेगावॅट, जमीन शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली म्हणजे मालकाला दरवर्षी पैसे येतात, चांगलंच आहे, पण त्या शेतांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाच्या हाती काय आलं? पॅनल तिथे लाखोंनी आहेत, नायगावला तेव्हा एकही नव्हतं, आणि तरी मला विचारशील तर नायगाव जास्त सोलरपंक आहे. पाणी पंचायतीच्या बऱ्याच योजना पुढे ढिल्या पडल्या, उसाचा मोह सुटत नाही, पंपाचं बिल वाढतं, भांडणं होतात. तरी तो नियम एकदा लिहिला गेला, पाळला गेला, आणि आपल्याच जिल्ह्यात. मला आशा कुठून येते विचारशील तर अशा कागदांवरून येते.

तर आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, चित्रं हवीत, मित्राचे प्रश्नही हवेत, आणि प्रत्येक चित्राखाली तीन गोष्टी लिहून बघ, पुसणार कोण, वाटा कोणाकोणाला, आणि मोडल्यावर जाणार कुठे.

तुझ्या सोसायटीचं आता. इथे सगळं परिस्थितीवर आहे, न बघता छातीठोक सांगणं बरोबर नाही. कोथरूडची जुनी सोसायटी म्हणजे पहिला प्रश्न रिडेव्हलपमेंटचा. पुढच्या चार-पाच वर्षांत बिल्डर यायची चर्चा असेल तर पॅनलवर पैसे घालू नका, आधी खत, पावसाचं पाणी, दुरुस्ती यावर लागा, आणि नवीन इमारतीच्या करारात गच्ची सोसायटीच्या नावावर आणि सावलीमुक्त राहील हे कलम घालून घ्या. तिथे तुझं शिक्षण कामाला येईल. गच्चीचा हक्क शेवटच्या मजल्यावाल्याला विकलाय का हेही कागदात बघ, त्यावरून मी भाऊभाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत.

इमारत टिकणार असेल तर कॉमन मीटरपासून सुरू करा, कारण त्याचा फायदा मालक-भाडेकरू सगळ्यांना मेंटेनन्समधून मिळतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, स्वतंत्र घराला ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला एकूण जास्तीत जास्त ७८,०००. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या बरंच खाली. चार मजल्यांना लिफ्ट नसेल तर तुमचं कॉमन बिल नुसत्या पंपाचं आणि दिव्यांचं असेल, तिथे तीन-चार किलोवॅटच पुरेल, कोणी वीसचं कोटेशन दिलं तर दारातूनच परत पाठव. पंप दुपारी चालवायची सवय लावा, तेवढी वीज थेट वापरली जाते.

मीटिंगमध्ये सोलरपंक हा शब्द काढू नकोस असं मी म्हणणार नाही, काढ. एक चित्र काढून ने, पण तुमच्याच गच्चीचं, टाकी, डिश अँटेना, वाळत घातलेले कपडे सगळं दाखव, सांडगे-पापड घालायला जागा सोडलेली दाखव, नाहीतर काकू लोक पहिल्याच मिनिटाला विरोधात जातील आणि त्यांचं बरोबर असेल. मित्रालाही ने. प्रश्न त्यालाच विचारू दे, उत्तरं कमिटीसोबत शोधा.

या आठवड्यात एवढं कर. कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं सेक्रेटरींकडून घे. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचार की त्यांना गच्चीवर किंवा खाली काय अडचण होते. गच्चीवर जाऊन टाकी, जिन्याची खोली, कठडा यांची उंची आणि अंतरं मोज, दक्षिण कुठे ते होकायंत्राने बघ, आणि कागदावर मापं टाकून इथेच फोटो टाक, डिसेंबरची सावली मी काढून देतो. टाकीची उंची मात्र गच्चीच्या स्लॅबपासून मोज, टाकी ज्या ओट्यावर बसवली आहे त्या ओट्यापासून नको, तिथे सगळे चुकतात. आणि वर नळ आहे का तेवढं आधी कळव.